इथे काहीच नव्हतं

आमच्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे. घरी कोणी पाहुणा आला, चहा झाला, गॅलरीतून समोरचे टॉवर बघून तो "केवढं वाढलं ना हे सगळं" असं म्हणाला रे म्हणाला की आई लगेच, "अहो, आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं." मग यादी. स्टेशन नव्हतं, दवाखाना धड नव्हता, रात्री आठनंतर रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही, दळण टाकायला कुठे कुठे जायला लागायचं. आम्ही 1987 ला वाशीला आलो, सिडकोच्या घरात, आणि ट्रेन आली 1992 ला, तोपर्यंत बाबा रोज बसने खाडीपूल ओलांडून ऑफिसला जायचे, हे सगळं खरंच आहे. मी सुद्धा ऑफिसमधल्या मुलींना हेच ऐकवते. नवी मुंबईत जुनं असण्याचा तेवढाच एक मान आहे, की आम्ही आलो तेव्हा काहीच नव्हतं.

तर हे वाक्य जरा बाजूला ठेवा, परत लागेल.

यंदा महाशिवरात्र रविवारी आली, 15 फेब्रुवारीला, आणि त्याच दिवशी सकाळी आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पक्षी बघायला जायचा बेत होता, नेरूळला टीएस चाणक्यच्या (ते मर्चंट नेव्हीचं कॉलेज) शेजारच्या पाणथळीवर. मी नाव दिलं ते फ्लेमिंगोसाठी, उगाच खोटं कशाला बोला. पाम बीच रोडवर फ्लेमिंगोचे पुतळे, भिंतींवर फ्लेमिंगो, महापालिकेच्या बोर्डावर फ्लेमिंगो, आणि इतकी वर्षं इथे राहून माझ्याकडे स्वतः काढलेला एक धड फोटो नाही, म्हटलं स्टेटसला टाकू. आदल्या रात्री लीडरचा मेसेज आला की भडक कपडे नकोत, परफ्यूम नको, पाणी आणा, सव्वासातला या. लीडर म्हणजे पंचविशीतली मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. मी भडक नको वाचलं आणि पोपटी विंडचिटर घालून गेले. झाडांचाच रंग ना, म्हटलं! तिथे मातीच्या रंगाच्या चौदा माणसांमध्ये मी एकटी पोपट. ती पोरगी बिचारी हळूच म्हणाली, "ताई, जमलं तर ते काढून बॅगेत ठेवता का?" फेब्रुवारीतली सकाळ, खाडीवरचा वारा, काढलं आणि कुडकुडत उभी राहिले.

आणि समोर काय, तर पाणी. उथळ, राखाडी, मध्ये मध्ये चिखलाची बेटं, कडेला तिवरं, पलीकडे एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बिल्डिंगा. एक शेकाट्या लांबच्या लांब गुलाबी पाय टाकत फिरत होता आणि दोन वंचक (ते बारके, तपकिरी बगळे) बसलेले. बस. फ्लेमिंगो तर नाहीच, पण बाकीही कोणी नाही. आमच्यातले एक काका, गळ्यात तोफेएवढी लेन्स, ते सरळ म्हणाले की सीझन संपला वाटतं, आपण घरी जाऊन उपासाची खिचडी खाऊ. लीडर म्हणाली, थांबा, अजून भरती व्हायचीये.

हे मला कळलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या पुष्कळांना कळत नसेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. पक्ष्यांचं खरं जेवणाचं ताट म्हणजे खाडी, ठाणे खाडी. ओहोटी लागली की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, त्यात किडे, अळ्या, बारके खेकडे, शिंपल्या. दिवस असो की रात्र, ओहोटी म्हणजे जेवण. पण सहा तासांनी तेच ताट पाण्याखाली जातं. बगळा झाडावर जाऊन बसेल. पण या चिखलातल्या पक्ष्यांना झाडाच्या फांदीवर बसता येत नाही, बदकासारखं आरामात तरंगत राहताही येत नाही, यांना पाय टेकायला उघडी जमीन लागते किंवा घोट्याएवढं पाणी. म्हणजे भरतीचे ते तीनेक तास कुठेतरी नुसतं उभं राहायचं असतं, पाणी उतरायची वाट बघत. ती उभं राहायची जागा म्हणजे ही तळी, टीएस चाणक्य, एनआरआय, तिकडे डीपीएस शाळेजवळचं तळं. ठाणे खाडीचा 1690 हेक्टरचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत गेली, हे आपण पेपरात वाचतो आणि खूश होतो. पण ही तळी त्या अभयारण्याच्या रेषेच्या बाहेर आहेत. म्हणजे जेवायची खोली आत आणि उभं राहायचा पॅसेज बाहेर, असं काहीतरी.

लीडरने मोबाईलमध्ये भरतीची वेळ बघायला घेतली आणि रेंज गेली. बांधावर एक म्हातारे काका बसले होते, करावे गावचे, शेजारी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, गुंडाळून ठेवलेला आणि पिशवीत थोड्या निवट्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा तो डोळे वर आलेला मासा, ज्यांनी खाल्लाय त्यांच्या तोंडाला आत्ता पाणी सुटलं असणार. ते काका तिची धडपड बघून म्हणाले, "कशाला बघतं त्यान? आज तेरस ना? तेरा पाऊण पावणेदहा. हितं आत यायला आजून जरा उशीर."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. तर हिशोब असा, की तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण व्हायची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. आमच्या बाबांना पावकी-निमकी-पाऊणकी सगळी पाठ होती, आणि ती मला पाठ करायला लावायचा त्यांचा जो छळ होता त्याचा आयुष्यात काही उपयोग असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. रेंज आल्यावर बघितलं, अ‍ॅपमध्ये पाच-सात मिनिटांचा फरक. त्या मुलीने तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. (मला ती त्या क्षणापासून फार आवडायला लागली. शिकवणाऱ्या माणसाने असं पटकन शिकायला बसलेलं मी कमी बघितलंय.)

साडेआठच्या सुमारास पहिली तुकडी आली. आधी आवाज, टिर्रर्र टिर्रर्र असा बारीक, मग तिवरांवरून चाळीस-पन्नास काहीतरी एकदम खाली वळलं आणि चिखलाच्या बेटावर उतरलं, आणि उतरल्यावर दिसेना! चिखलाच्या रंगाचेच पक्षी, चिखलावर. मी दुर्बीण लावून लीडरला अभिमानाने सांगितलं की तो बघ एक, अजिबात हलत नाहीये, किती शांत. ती म्हणाली, ताई, तो दगड आहे.

मग येतच राहिले. पाच मिनिटांनी एक थवा, मग दोन मिनिटांनी, मग मोजायची सोयच राहिली नाही. वाशी स्टेशनवर सकाळी 8.20 ला उभं राहिलेल्या बाईला हे दृश्य अनोळखी नाही हो. आधी आलेल्यांनी बेटाची उंच जागा धरलेली, नंतरचे कडेला, त्यानंतरचे पाण्यात पाय घालून, आणि तरी वरून अजून एक थवा येतो आणि खालचे सगळे अर्धा पाऊल सरकतात. लोकलमधली चौथी सीटच ती. मागे धिप्पाड कुरल, त्यांची ती कोयत्यासारखी वाकडी लांब चोच, त्यांच्या पायाशी काळ्या शेपटीचे गॉडविट, पुढे रेडशँक, मग चिखल्ये, आणि अगदी पाण्याच्या कडेला लिटल स्टिंट, जे वजनाला तीसेक ग्रॅम असतील, म्हणजे वाटीभर साबुदाण्यापेक्षा कितीतरी हलके.

मला लीडरने स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, दिला आणि म्हणाली, एकच पक्षी निवडा आणि पाच मिनिटं फक्त तोच बघा. मी एक कर्ल्यू सँडपायपर निवडला, म्हणजे तिने सांगितलं म्हणून मला कळलं की तो कर्ल्यू सँडपायपर आहे. चोच टोकाला किंचित खाली वाकलेली, भुवई पांढरी, पाठ राखाडी. एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाच्या पिसांत, चोच पाठीत खुपसलेली, डोळा मिटतोय, उघडतोय, मिटतोय. पाणी चढत होतं. पाणी त्याच्या पायाशी आलं, घोट्याशी आलं, थोडं वर आलं. आणि त्याने काय करावं, तर दुसरा पाय खाली न टाकता, चोच पाठीतून न काढता, तसाच एका पायावर टुणकन एक उडी बाजूला. झोपेतच. शेजारच्याला धक्का लागला, त्यानेही टुणकन एक. त्याच्या शेजारच्यानेही. अख्खी रांग लंगडी घातल्यासारखी अर्धा फूट सरकली आणि परत झोपली. मी हसले जोरात, आणि मग मलाच कसंतरी झालं, कारण ठाण्याहून नाईट शिफ्ट करून येणाऱ्या बायका दांड्याला धरून उभ्या उभ्या अशाच झोपतात, आणि "आत सरका" म्हटलं की डोळे न उघडता सरकतात.

हा पक्षी सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला जन्मतो. आणि तिथली गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, अशी की पिल्लांचे बाबा अंडी घातल्यावर लवकरच निघतात, मग पिल्लं मोठी व्हायला लागली की आयाही निघतात, आणि पिल्लं सगळ्यात शेवटी, आपली आपण. त्यांच्यासोबत रस्ता माहीत असलेलं मोठं कोणी नाही. दोनेक महिन्यांचं पोर हजारो किलोमीटर उडून, आधी कधी न बघितलेल्या किनाऱ्यावर येतं. लीडरने हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एक मावशी पटकन म्हणाल्या, "आणि आमचा इंजिनीअर झालेला पुण्याला जाताना मला फोन करून विचारतो, पनवेलला उतरू का." सगळे हसले, पण त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. निघण्याआधी एप्रिलमध्ये हेच राखाडी पक्षी विटकरी लाल होतात म्हणे, आणि खाऊन खाऊन गोल. त्या चरबीवरच पुढचा प्रवास. म्हणून भरतीच्या वेळी त्यांना उठवायचं नाही. एकदा उडवलं की तेवढं पेट्रोल फुकट, असं तिने सांगितलं.

आणि तरी आम्ही उडवलं.

म्हणजे तोफवाल्या काकांनी सुरुवात केली. ते हळूहळू बांध उतरून पुढे गेले, आणि मी, स्कोपमध्ये एवढं सगळं बघून, हसून, हळवी वगैरे होऊन, मोबाईल घेऊन त्यांच्या मागे. कारण उजवीकडून तेव्हाच फ्लेमिंगो यायला लागले होते, पन्नासेक, माना लांब, पंखांखाली तो लाल-काळा रंग, आणि माझं स्टेटस! चार पावलं गेले असेन, डावा पाय चिखलात गेला तो नडगीपर्यंत. ओढला तर पाय आला, बूट नाही आला. मी तोल सांभाळायला हात हवेत फेकले आणि तोंडातून "आईगं" निघालं, आणि समोरचं बेट उठलं. बेटच उठलं असं वाटलं. हजारभर पक्षी एका झटक्यात हवेत, सगळे एकदम डावीकडे वळले तर पांढरे चमकले, उजवीकडे वळले तर गायब, परत पांढरे. आयुष्यात इतकं सुंदर काही मी बघितलं नसेल, आणि ते माझ्यामुळे झालेलं नुकसान होतं, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी तीन चकरा मारल्या. पाणी एव्हाना चढलेलं, बेट निम्मं बुडलेलं. बरेचसे परत उतरले, एक मोठा थवा मात्र एनआरआयच्या बाजूला निघून गेला. माझा सँडपायपर कुठल्या थव्यात होता मला माहीत नाही. सगळे एकसारखेच दिसतात.

लीडर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काकांना परत बोलावलं, मला हात दिला, आणि करावेचे ते आजोबा उठले, चिखलात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी माझा बूट काढला, निवटी काढतात तसाच. "ह्ये घ्या," म्हणाले, "चिकलान सरल पाय घालाचा नसतंय."

मी ओशाळून काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की काका, तुम्ही इथे लहानपणापासून येत असाल ना, आम्ही वाशीला आलो तेव्हा तर इथे काहीच नव्हतं. सवयीनेच आलं तोंडात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, खरंच न कळल्यासारखं. "काय नव्हता? सगला व्हता की. मिठागरा व्हती, भातशेती व्हती, उघाडीवर ही मोठी मोठी कोलबी मिलाची. ही पाखरा तर काय, मोप." आणि परत बसले जाऊन.

पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभं राहिलं हे शहर. शाळेत असताना पाठ केलेला आकडा आहे हा माझा. 95 गावं आणि काहीच नव्हतं, ही दोन वाक्यं इतकी वर्षं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहात होती आणि त्यांची एकमेकांशी कधी ओळख झाली नव्हती.

आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप आणि कोणाकडे खजूर होते, ते खाताना अर्थातच तळ्यांच्या गप्पा निघाल्या. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएसच्या तळ्यात भरतीचं पाणी येईना, तळं सुकलं, फ्लेमिंगो बावचळून रस्त्यावर आले आणि काही मेले, ते सगळ्यांना आठवत होतं. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून तीसच्या वर मेले. पुढच्या वर्षी राज्याच्या वन्यजीव मंडळाने डीपीएसचं तळं राखीव करायला मंजुरी दिली, म्हणजे ओरडा केला की होतं काहीतरी. आता डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात, आम्ही खिचडी खातानाही एक गेलं. पण लीडर म्हणाली की लोक फ्लेमिंगोसाठी तरी ओरडतात, या बारक्यांसाठी कोण ओरडणार, यांचा पुतळा कोण उभारणार. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जगातल्या 16 जातींचे किनारपक्षी एकदम धोक्याच्या वरच्या पायऱ्यांवर गेले, त्यात हा कर्ल्यू सँडपायपर पण. आणि कुरलचा एक भाऊ होता, बारीक चोचीचा. त्याचा शेवटचा पक्का फोटो 1995 चा, मोरोक्कोतला. 2025 ला तो संपला म्हणून जाहीर केलं. तीस वर्षं लोक शोधत होते. मधल्या काळात त्या चिखलांवर जाऊन कितीतरी माणसं म्हणाली असतील, इथे तर काहीच नाहीये.

खरं तर या जागेची अडचणच ती आहे. तुम्ही ओहोटीच्या वेळी या, फ्लॅट बघायला लोक सकाळी अकराला येतात तसे या, तर समोर गढूळ डबकं. ब्रोकर हात लांब करून सांगणार, समोर काही नाही मॅडम, ओपन व्ह्यू. त्याचं काय चुकलं? त्या वेळी खरंच काही नसतं. सगळे जेवायला गेलेले असतात. दुपारी आपण कामावर असताना कोणी आपलं बंद घर बघून म्हणावं की इथे कोणी राहात नाही, तसं.

घरी आले, बूट बाथरूममध्ये, चिखलाचा वास घरभर. आई नाक मुरडून म्हणाली, कुठे लोळून आलीस. मी सगळं सांगितलं, बुटासकट. आई ऐकत होती, शेवग्याच्या शेंगा सोलत. मग म्हणाली, "अगं, ते रात्रीचे जायचे तेच का?"

कोण जायचे?

"आपण नवीन आलो ना, तेव्हा. तुझे बाबा उशिरा यायचे, मी गॅलरीत उभी असायचे बस बघत. दिवाळीनंतर थंडी पडली की वरून जायचे ओरडत. अंधारात दिसायचे नाहीत. कुर्रली, कुर्रली असं काहीतरी. मला आधी भीतीच वाटायची. मग सवय झाली, ते गेले की वाटायचं आता येतीलच हे."

मी मोबाईलवर कुरलचा आवाज लावला. आईने शेंग खाली ठेवली, हात पुसले आणि परत लाव म्हणाली. तीनदा ऐकला. एवढी वर्षं पाहुण्यांना सांगितलेल्या त्या यादीत हा आवाज कधीच नव्हता, दळणाची गिरणी होती. मी विचारलं, हे कधी सांगितलं नाहीस? तर म्हणाली, "त्यात काय सांगायचंय, ते होतेच."

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले, मातकट कुडता घालून, बांधावरूनच बघायचं ठरवून. साडेनऊ वाजले होते. पाणी उतरलेलं, बेटं सुकत आलेली, एक वंचक, आणि लांबवर बहुतेक तोच दगड. करावेचे आजोबा नव्हते, ते पण खाडीत उतरले असणार. मी तरी अर्धा तास बसले. एक जॉगर दोनदा माझ्यासमोरून गेला, तिसऱ्यांदा थांबला, एका कानातला इअरफोन काढून म्हणाला, "काय बघताय मॅडम? काहीच नाहीये इथे."

मी बोटांवर मोजलं. शिवरात्रीआधीची तेरस, मग चौदस, अवस, प्रतिपदा... आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार.

"पावणेचारला या," मी म्हटलं. "पण तासभर आधीच या. नंतर उभं राहायला जागा मिळत नाही."